गोड्या पाण्याची रेती

नलिनीने हातोडीने छताला हलका ठोका दिला. ठण्ण. वीतभर पुढे सरकून आणखी एक. ठण्ण. तिसरा ठोका पडला तेव्हा आवाज बसलेल्या घशातून आल्यासारखा निघाला.

“इथे पोकळ आहे,” ती म्हणाली. कानामागे खोचलेला खडू काढून तिने तिथे फुली मारली.

टेबलावर स्टूल, स्टुलावर नलिनी आणि खाली स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी आवळून धरलेला जयवंत, असा सगळा देखावा होता. जयवंत अठ्ठावन्न वर्षांचा. परळच्या गिरणीत पंचवीस वर्षं साचे चालवल्यामुळे त्याच्या हातांची पकड अजून शाबूत होती, आणि आज ती जरा जास्तच घट्ट होती. पोरगी पडेल याची भीती त्याला नव्हतीच. भीती होती ती नलिनी पुढची फुली कुठे मारते याची.

“किती झाल्या गो?” स्वयंपाकघराच्या दारातून सुलक्षणाने विचारलं. नवऱ्याने घरभर धूळ केली तर एक वेळ ती ओरडली असती, पण नलिनीसाठी तिने सकाळीच डब्यांवर आणि देवांवर जुनी लुगडी अंथरून ठेवली होती.

“अकरा, काकी.”

“बारावर थांब हां. तेरावी नको माझ्या घरात.”

नलिनी हसली, पण तिने बारावी मारली, तेरावीही मारली आणि मग ती मोजायचंच थांबली.

गेल्या मंगळवारी पुढच्या खोलीच्या छताचा पाटाएवढा तुकडा खाली आला होता. तो नेमका जयवंत रोज सकाळी पेपर वाचत बसतो त्या जागेवर पडला. त्या दिवशी दूध नासलं म्हणून सुलक्षणाने त्याला पुन्हा आरेच्या केंद्रावर पिटाळलं होतं आणि तो कुरकुरत गेला होता. परत येऊन पाहतो तर पेपरावर सिमेंटचा ढीग. तेव्हापासून बायकोने काही सांगितलं की तो निमूटपणे उठत होता. हे किती दिवस टिकेल याची सुलक्षणाला शंका होती, पण मिळतंय ते ती घेत होती. देवापुढे मात्र तिने त्याच दिवशी साखर ठेवली होती.

नलिनी ही खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातल्या बळवंतची मुलगी. तिची आई सरूबाई बोरीवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि संध्याकाळी होडीने घरी परतेपर्यंत पोरगी सुलक्षणाकडे असायची. आधी जयवंतच्या भाड्याच्या खोलीत, आणि हे घर झाल्यावर या घरात. पाढ्यांपासून बीमच्या गणितांपर्यंत सगळा अभ्यास तिने याच छताखाली, याच दिव्याच्या उजेडात केला होता. गेल्या वर्षी ती सिव्हिल इंजिनिअर झाली, दादरच्या एका सल्लागाराच्या ऑफिसात लागली, आणि छताचा तुकडा पडल्यावर जयवंतला दुसऱ्या कुणाचं नाव सुचलंच नाही. रविवारी ती पिशवीत हातोडी, छन्नी, टेप आणि वही घेऊन हजर झाली. तिच्या साहेबांनी सांगितलं होतं, तू बघून ये, रिपोर्ट लिही, मी येऊन खात्री करतो आणि सही करतो.

आता तिने एका फुलीवर छन्नी लावून खपली उडवली. आतली सळई उघडी पडली. बोटाएवढी जाड सळई झिजून पेन्सिलीएवढी झाली होती आणि तिच्यावरून गंजाचे पदर सुटत होते. नलिनीने सळईमागची भुकटी करंगळीवर घेतली, क्षणभर पाहिली आणि जिभेला लावली.

ती तशीच उभी राहिली. हातोडी धरलेला हात खाली आला.

“काका,” ती वरूनच म्हणाली, “स्लॅबची रेती कुठली होती?”

“रेती?” जयवंतने स्टूल सोडलं नाही. “ती… लॉरीवाल्याची. विरारचा होता कोण तो.”

स्वयंपाकघरात एक झाकण खाली पडलं आणि बराच वेळ गोल फिरत राहिलं.

वास्तविक त्या रेतीची गोष्ट या रस्त्यावर सगळ्यांना पाठ होती. एकाहत्तर सालच्या वैशाखात घराच्या भिंती उभ्या राहिल्या, फळ्या ठोकून झाल्या, सळ्या बांधून झाल्या, आणि ऐन वेळी रेतीची लॉरी आली नाही. धाकू गवंडी तीन दिवसांनी गावी निघणार होता. मिरगाआधी शेतात पेरणी करायची तर कोकणातला गवंडी ब्रह्मदेव आला तरी थांबत नाही. स्लॅब राहिला असता तर भिंती चार महिने उघड्या पावसात उभ्या राहिल्या असत्या. सरूबाईने ही अडचण रात्री नवऱ्याच्या कानावर घातली. बळवंतने दुसऱ्या दिवशी दोन भरत्या साधून आपल्या मासेमारीच्या होडीतून खाडीच्या तोंडाकडची रेती आणली. तीन खेपा मारल्या. धक्क्यावरून बैलगाडीने ती दारात आली आणि धाकूने ठरल्या दिवशी स्लॅब टाकला.

त्या संध्याकाळी जयवंतने नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घातलं आणि त्यात बळवंतचं नाव घेतलं. पुढे दर वर्षी वैशाखात, घराच्या दिवशी, ते तो घालत आला. “ज्या बळवंतान आपल्या होडयेतसून रेती हाडून ह्या घराक माथो दिल्यान, तेच्या होडयेक बरकत दी रे म्हाराजा!” जमलेली चार माणसं “होय म्हाराजा” म्हणायची. पहिल्या वर्षी बळवंत लाजून उंबऱ्याबाहेर गेला होता. नंतर नंतर आपलं नाव यायच्या आधीच तो घसा साफ करायला लागला. कोळीवाड्यातल्या लग्नांत तो ती गोष्ट सांगायचा आणि सांगता सांगता खाडीच्या लाटा वाढत जायच्या.

जयवंतही तसा कमी नव्हता. गिरणीतल्या गोष्टी सांगताना तोही दहाचे शंभर करायचा. पण गाऱ्हाण्यात एक शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. देवाकडे तोंड करून खोटं बोलणाऱ्याची जीभ झडते, असं त्याच्या आजोबांनी सांगितलं होतं, आणि आजोबांवर त्याचा विश्वास होता. संपाच्या वर्षी ‘तुझी लेकरां सुखात असत’ हे ठरलेलं वाक्य त्याने सरळ गाळलं होतं. सुलक्षणाने कोपराने ढोसलं तरी त्याने ते म्हटलं नाही.

नलिनी स्टुलावरून टेबलावर आणि टेबलावरून खाली उतरली.

“काका, त्या रेतीच्या ढिगावर बसून मी आले होते. शेवटच्या खेपेला. माझा फ्रॉक भिजला म्हणून काकीने मला लवूचा शर्ट घातला होता.”

लवू हा जयवंतचा थोरला मुलगा, आता नाशिकला असतो. त्याचा तो शर्ट आठवून जयवंत जरासा हसला आणि मग त्याचं हसू मावळलं.

“ठाव हा तर मगे इचारतंस कित्याक?”

“खात्री करायची होती.” तिने भुकटी कागदात बांधली आणि वर तारीख लिहिली. “खाडीची रेती, काका. मीठ आहे तिच्यात. गोड्या पाण्याने धुऊन घ्यायला हवी होती. नाहीतर ते मीठ आतल्या आत लोखंड खातं. दहा-बारा वर्षं काही दिसत नाही. मग गंज फुगतो आणि सिमेंट ढकलून देतो.”

“म्हणजे बळवंताच्या…”

“हो. बाबांच्या रेतीने झालं.” तिने ते पायातला काटा काढावा तसं एकदम म्हटलं आणि जमिनीवर बसली. तिला लाज वाटत होती, आणि ती लपवावी असं हे घर नव्हतं. “मी इथे बसून शिकले काका. माझ्या डोक्यावर हे होतं आणि मला कळलं नाही.”

सुलक्षणा बाहेर आली. तिने पदराने नलिनीच्या केसांतली धूळ झटकली.

“आधी सांग, घर पडणार काय?”

“नाही काकी. भिंती आणि खांब चांगले आहेत. त्यांची रेती लॉरीची होती. फक्त स्लॅब उतरवून नवा टाकायचा. तोपर्यंत मी सांगते तिथे टेकू लावायचे. पावसाआधी काम झालं की घर आणखी पन्नास वर्षं हलत नाही.”

सुलक्षणाने झाकलेल्या देवांच्या दिशेने हात जोडले. जयवंत मात्र वर बघत होता. खडूच्या फुल्यांनी भरलेल्या त्या छताकडे त्याने बोट केलं.

“आयक गो. दीड वर्स संप चललो. भाडा मागूक दारात कोण इलो नाय, कारण ह्या आपला होता. तुझ्या काकीन सतरा गाववाल्यांची खानावळ ह्याच्याखाली चालवल्यान, तेच्यावर आमची चूल पेटली. दोन झील ह्याच्याखाली वाढले. एक चेडू इंजिनेर झाला. स्लॅबान आणखी काय करूचा?”

नलिनीने भुकटीची पुडी पिशवीत ठेवली.

“तेव्हा एक कर. तुझ्या बापाक ह्या कळता नये.”

“रिपोर्टात लिहावं लागेल, काका. कारण लिहिल्याशिवाय साहेब सही नाही करणार. आणि खोटं कारण मी लिहिणार नाही.”

“खोटा कोण सांगता? खरा लिही. पण इंग्रजीत लिही. बळवंत वाचूचो नाय, मीय वाचूचंय नाय.”

डोळे पुसता पुसता नलिनीला हसू आलं. तिने वही उघडली आणि खरोखरच इंग्रजीत लिहायला लागली.

बाराच्या सुमाराला बळवंत आला. रविवारी नलिनी इथे असली की तो जेवायलाच यायचा आणि हात हलवत कधी यायचा नाही. आज सुपाएवढ्या पानात बांधलेले ओले बोंबील होते. उंबऱ्यातूनच त्याने हाक दिली.

“काय रं जयवंता! काय सांगतंय आमचं इंजिनेर? घर हाय का गेलं?”

मग जयवंतने तोंड उघडलं आणि त्यातून जे आलं ते त्याचं त्यालाच नवं होतं.

“पाणी मुरला. वर गच्चीत तुळशीची कुंडी आसा मा, तेच्यातला.”

त्या कुंडीला सुलक्षणा चौदा वर्षं पाणी घालत होती. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा एखादा माणूस तिथेच विरघळला असता. मग तिने बोंबलांचं पान हातात घेतलं.

“मीच जरा जास्त घालीत होतंय,” ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने नवऱ्याने लादलेली चूक मान्य केली होती.

बळवंतने मान हलवली. तो खोलीत आला, वरच्या फुल्या पाहिल्या, आणि कोपऱ्यात पेपरावर गोळा केलेल्या ढिगाऱ्यापाशी उकिडवा बसला. त्यातला एक तुकडा त्याने उचलला. तुकड्यात सळईचा गंजलेला पापुद्रा अडकला होता. त्याने तो अंगठ्याने चुरला आणि अंगठा नाकाशी नेला.

“आमच्या होरीचं खिलं असंच होतान,” तो म्हणाला. खाऱ्या पाण्यात गंजलेले होडीचे खिळे तो आयुष्यभर बदलत आला होता.

“जेवूक बसा, जेवूक बसा,” जयवंत मोठ्याने म्हणाला. “गरम भात आसा.”

जेवण झालं. बोंबील कुरकुरीत झाले होते आणि सुलक्षणाने सोलकढीला कोकमं हात राखून घातली नव्हती, पण दर वेळी दोनदा भात मागणाऱ्या बळवंतने या वेळी एकदाच घेतला. जेवल्यावर तो पान न खाताच उठला. भरती चुकेल म्हणाला. तो दाराबाहेर पडला तेव्हा नलिनीने पाहिलं, त्याने उचललेला तो तुकडा ढिगाऱ्यात नव्हता.

“त्यांना कळलंय, काका,” ती हळूच म्हणाली.

“काय कळूक नाय,” जयवंत म्हणाला. “तुळशीचा त्याका पटला.”

पुढचे चार रविवार बळवंत आला नाही. सरूबाई बाजारात भेटायची, ती म्हणायची, जाळ्याचं काम निघालंय. जयवंतने टेकू लावले आणि टेकूंच्या जंगलात नवरा-बायको नेटाने राहिली. रात्री पाणी प्यायला उठलं की एखादा टेकू कपाळाला लागायचा, आणि सुलक्षणा अंधारातून म्हणायची, “आता कळला, तुळशीची कुंडी खंय असता ती?” नलिनीचे साहेब येऊन बघून गेले, रिपोर्टावर सही झाली, परवानगी मिळाली. धाकू गवंडी आता म्हातारा झाला होता, पण बोलावल्यावर तो गावाहून आला. स्लॅब उतरवताना त्याने फक्त एकदा गंजलेली सळई हातात घेतली, जयवंतकडे पाहिलं आणि ती बाजूला टाकली. चौदा वर्षांपूर्वी ती रेती त्यानेच कालवली होती. धुवायचं त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं.

चार दिवस घराला माथा नव्हता. स्वयंपाकघरात बसून सुलक्षणाने आकाशाखाली पोळ्या लाटल्या आणि शेजारच्या द्रौपदीला सांगितलं, एवढा उजेड तिला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. नव्या फळ्या ठोकल्या गेल्या, नव्या सळ्या बांधल्या गेल्या. नलिनीने प्रत्येक सळई टेपने मोजली. रेती लॉरीवाल्याला सांगितली होती. ती आदल्या दिवशी दुपारी येणार होती.

आदल्या दिवशी सकाळी सातलाच दारात टेम्पो थांबला. टेम्पोत काठोकाठ रेती होती आणि रेतीवर, डोक्याला फडकं गुंडाळून, बळवंत बसला होता. तीन दिवसांची दाढी वाढली होती.

“लॉरीवाल्याला सांग, नको,” तो वरूनच म्हणाला आणि खाली उतरला.

जयवंत ब्रश तोंडात धरूनच बाहेर आला होता. त्याने तो काढला.

“खंयची ही?”

“वैतरनेची. मनोरच्या वर जाऊन हानली. दोन दिस नदीवर बसून भरून घेतली. दर्याची भरती तितवर चढत नाय.” बळवंतने मूठभर रेती घेतली, तिच्यातली चिमूट जयवंतच्या तळहातावर ठेवली. “चाख.”

जयवंतने चूळ भरली आणि रेती जिभेवर ठेवली. दगडाची चव होती, थोडी मातीची. बाकी काही नव्हतं.

“गोडी आसा,” तो म्हणाला.

“चार ठिकानची चाखली, तवा घेतली.” बळवंतने फडकं सोडून तोंड पुसलं. नलिनी वर फळ्यांवर सळ्यांच्या गाठी तपासत होती, ती उतरून दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागे सुलक्षणा. बळवंतने कुणाकडे पाहिलं नाही. तो टेम्पोच्या चाकाकडे बघत बोलला.

“मना ठाव नवतं रं, जयवंता. रेती धुवाची असते, ते मना तवा कुनी सांगलंच नाय. आनि मी दर्यातलं मानूस, मना खारट काय लागनार? वरसावरस तू देवाला माजं नाव सांगतोस, आनि मी मान डोलावतो. आनि तिकरं वर…”

त्याने बोट वर केलं, पण वर आता तो स्लॅब नव्हताच, नुसत्या फळ्या, सळ्या आणि सकाळचं आभाळ होतं.

“तुका कोणी सांगितला?” जयवंतने विचारलं. त्याने नलिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

“कुनी नाय. खिल्यांनी सांगलं. तुलशीचं पानी लोखंड तसं खात नाय.” त्याने फडकं खांद्यावर टाकलं. “उद्या गाऱ्हानं घालशील. त्यात माजं नाव नको घेव. देवाला खोटं कशाला सांगाचं?”

जयवंतला बोलायचं खूप होतं. तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, असं काहीतरी. पण ते तोंडावर आलं की दोघांनाही पळ काढावा लागला असता. त्याने टेम्पोतलं फावडं घेतलं आणि रेती खाली ओढायला लागला. बळवंतने दुसरं फावडं घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकला गेला. सकाळी आठपासून घमेली हातोहात वर जात होती. मालात पाणी किती, दगड किती, यावर नलिनीचा पहारा होता. धाकूने एकदा अंदाजाने पाणी ओतलं तर तिने चारचौघांत त्याला थांबवलं, आणि धाकू म्हणाला, “ह्याच पोरीक मी घमेल्यात बसवन फिरवलंय,” पण त्याने पाणी मोजून घेतलं. बळवंत सबंध दिवस रेतीच्या ढिगापाशी राहिला. दुसऱ्या कुणाला त्याने त्या ढिगाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी पाच वाजता धाकूने शेवटचा हात फिरवला आणि थापी धुऊन ठेवली.

मग सगळी दारासमोर जमली. सुलक्षणाने पाट मांडला, त्यावर तांदूळ, पानविडा, उदबत्ती. जयवंतने हातपाय धुतले, डोक्यावर टोपी घातली आणि नारळ दोन्ही हातांत धरून उभा राहिला. नलिनी, धाकू, द्रौपदी, कामावरची पाच-सहा माणसं अर्धगोल करून उभी राहिली. बळवंत त्यांच्यात नव्हता. तो पलीकडे पाण्याच्या पिंपापाशी पाय धूत होता. ते केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो धूत होता.

“बा देवा म्हाराजा!” जयवंतने सुरुवात केली.

“होय म्हाराजा!”

“बारा गावच्या, बारा येशीच्या देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांनी ह्या घराक नवो माथो घातलो.”

“होय म्हाराजा!”

“काम बिनघोर पार पडला, कोणाच्या बोटाक खरचाटलासुद्दा नाय. तुझी लेकरां सुखात असत.”

“होय म्हाराजा!”

इथे दर वर्षी बळवंतचं नाव यायचं. जयवंत थांबला. पिंपापाशी पाण्याचा आवाजही थांबला. नलिनीने मान खाली घातली.

“आणि म्हाराजा,” जयवंतने नारळ जरा वर उचलला, “चौदा वर्सांआधी ह्या घराक माथो नव्हतो, तेव्हा ह्या बळवंतान तीन खेपा मारून रेती हाडल्यान.”

“होय म्हाराजा,” माणसं म्हणाली.

“आणि तेना माका बजावून सांगितल्यान, जयवंता, ही खाडयेची रेती, गोड्या पाण्यान तीन येळा धुवन घे. मी आयकूक नाय. माका घाई होती. ती चूक तुझ्या ह्या लेकराची, म्हाराजा. ती पदरात घे. आणि बळवंताच्या होडयेक आणि जाळ्याक बरकत दी!”

कुणी काही म्हटलं नाही. धाकूने तोंड उघडलं आणि मिटलं. नलिनी काकांकडे बघत राहिली. काल सकाळी बाबा काय म्हणाले ते तिने आपल्या कानांनी ऐकलं होतं.

सुलक्षणाही दारात होतीच तेव्हा. आणि त्याआधी, चौदा वर्षांपूर्वी, रेतीच्या तिन्ही खेपा उतरताना ती कडेवर पोर घेऊन त्या ढिगापाशीच उभी होती. कोण काय बोललं आणि काय बोललं नाही, हे तिला जयवंतपेक्षा चांगलं आठवत होतं. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला, नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि कधी नव्हे एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली,

“होय म्हाराजा!”

मागोमाग धाकू म्हणाला, मग द्रौपदी आणि बाकीची माणसं. मग नलिनी. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, पिंपाच्या बाजूने, घसा साफ न करता म्हटलेलं एक उशिराचं “होय म्हाराजा” आलं.

जयवंतने जीभ टाळूला लावून पाहिली. होती जागेवर. मग त्याने वाकून नारळ फोडला.